खिंड किती उंच आहे, हे सगळ्यात शेवटी बघा

हिमालयातल्या पास ट्रेकचा, म्हणजे खिंड ओलांडून पलीकडे उतरायच्या भटकंतीचा, विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कितीची आहे?" चार हजार दोनशे म्हटलं की सोपी, पाच हजार तीनशे म्हटलं की अवघड. हा हिशोब फसवा आहे. लडाखमधली खारदुंग ला ५,३०० मीटरपेक्षा उंच आहे आणि तिथे गाडी जाते. स्पितीतल्या किब्बरहून लडाखमधल्या त्सो मोरिरी तलावाकडे नेणारी परांग ला साधारण ५,५८० मीटर, पण तिच्या माथ्यापलीकडची हिमनदी बेताच्या उताराची आहे. हिमाचलमधली रुपिन खिंड मात्र फक्त ४,६५० मीटर, आणि तिची शेवटची नाळ (कड्यांमधली अरुंद, खडी घळ) जूनमध्ये बर्फाने भरलेली असते. पहाटेच्या कडक बर्फावर तिथे पाय निसटला, तर माणूस आपोआप थांबेल अशी जागा नाही.

शिखर आणि खिंड यांत एक मूळचा फरक आहे. शिखरावरून आपण चढलो त्याच वाटेने उतरतो. प्रत्येक वळण पाहिलेलं असतं, तंबू जागेवर असतो. खिंड ओलांडली की समोरचा उतार नवा, ओढे नवे, मुक्कामही नवा. त्यात कोणी आजारी पडलं आणि मागे फिरायचं ठरलं, तर खिंड पुन्हा चढून यावं लागतं. म्हणून कुठल्याही पास ट्रेकची काठिण्यपातळी ठरवताना मी सगळ्यात आधी एकच गोष्ट तपासतो: प्रत्येक मुक्कामावरून, चालता न येणारा माणूस सोबत असताना, निदान हजार मीटर खाली किंवा मोटाररस्त्यापर्यंत पोचायला किती तास लागतील आणि त्या वाटेत चढ किती आहे? उंची, अंतर, दिवस हे सगळं त्यानंतर.

आधी एक कागद करा

आयोजकाच्या पत्रकात "ईझी-मॉडरेट", "मॉडरेट-डिफिकल्ट" असं काहीतरी छापलेलं असतं. त्या शब्दांना सर्वमान्य व्याख्या नाही. एकाचं मॉडरेट दुसऱ्याचं डिफिकल्ट असू शकतं. त्यापेक्षा स्वतः कागद घ्या आणि रोजच्या मुक्कामाची उंची, आदल्या रात्रीपेक्षा किती वर झोपणार, दिवसभरातला एकूण चढ-उतार, अंतर आणि वर सांगितलेले "सुटकेचे तास" अशा रकाने पाडून लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण ट्रेकचं खरं रूप त्यातच दिसतं.

रुपिनचं उदाहरण घेऊ. उत्तराखंडातल्या धौलाहून निघाल्यावर मुक्कामांची उंची अशी: सेवा साधारण १,९००, झाका २,६५०, सरुवास थाच (थाच म्हणजे कुरण) ३,१५०, धंदेरास थाच ३,५६०, धबधब्याच्या माथ्यावरचा मुक्काम ४,०००. तीन हजारांच्या वर रोजची झोपायची उंची ४०० ते ४५० मीटरने वाढते आहे. हे ठीक आहे. धंदेरासपर्यंत सुटकेची वाट सरळ खाली, गावाच्या दिशेने आहे. हेही ठीक. कागदावर लाल खूण होते ती फक्त एका दिवशी: खिंडीच्या दिवशी. सगळा धोका त्या एका दिवसात आणि त्यातही नाळेच्या दीड-दोन तासांत गोळा झालेला आहे. त्यामुळे तयारीही नेमकी त्याचीच करता येते.

आता पिन पार्वती बघा. खिंड ५,३१९ मीटर, कुलूकडच्या बरशैणीपासून स्पितीतल्या मुद गावापर्यंत शंभर किलोमीटरच्या आसपास चाल. मनतलाई तलावाजवळ आपण साधारण ४,१०० मीटरवर असतो आणि तिथून बरशैणीला परतायचं तर धडधाकट माणसालाही तीन दिवस लागतात. वाटेत पांडू पूल म्हणून ओळखले जाणारे प्रचंड धोंड्यांचे नैसर्गिक पूल आहेत. आजारी माणसाला पाठीवर घेऊन ते ओलांडणं किती कठीण होईल, याचा विचार निघण्याआधी करायचा असतो. मनतलाईच्या पुढे खिंडीच्या पायथ्याचा तळ कुठे टाकता त्यावर झोपायच्या उंचीत एकदम ७००-८०० मीटरची उडी पडू शकते. म्हणून मध्ये आणखी एक मुक्काम घ्यावा लागतो. इथे कागदावर लागोपाठ चार-पाच दिवस लाल आहेत. पिन पार्वती अवघड आहे ती या रकान्यामुळे. ५,३१९ हा आकडा त्यात दुय्यम आहे.

मनालीजवळच्या हामटा खिंडीबद्दल वेगळ्या कारणाने सांगावंसं वाटतं, कारण तिला सरसकट "पहिल्या ट्रेकसाठी उत्तम" म्हणतात. ४,२७० मीटर, वाट सोपी, पलीकडे छत्रूला मोटाररस्ता जवळ. सगळं खरं. पण मैदानातून रात्रीच्या बसने मनालीला उतरायचं, दुसऱ्या दिवशी चिकाला ३,१०० वर झोपायचं, तिसऱ्या दिवशी बालू का घेराला ३,६०० वर आणि चौथ्या दिवशी खिंड ओलांडून पुन्हा ३,९०० च्या आसपास शिया गोरूला, असा कार्यक्रम असतो. शरीराला विरळ हवेची ओळख व्हायला वेळच दिलेला नाही. मनालीत एक पूर्ण दिवस जास्त राहिलं आणि त्या दिवशी थोडं वर चढून परत आलं, तर हाच ट्रेक बराच सुरक्षित होतो. खर्च एका रात्रीचा.

झोपायची उंची आणि डोकेदुखी

५,३०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही निम्मा. शरीर याच्याशी जुळवून घेतं, पण त्याच्या गतीने. पर्वतीय वैद्यकातला रूढ नियम असा: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी. दिवसा त्याहून वर जाऊन आलं तर चालतं, किंबहुना फायद्याचं ठरतं. मोजायचं ते झोपण्याच्या जागेचं.

सह्याद्रीत वर्षानुवर्षं भटकलेल्या माणसाचे पाय, गुडघे आणि घसाऱ्यावरचा तोल हिमालयात नक्की उपयोगी पडतात. मात्र कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर. उंचीचा त्रास जिथून सुरू होतो, त्याच्या खूप खाली. विरळ हवा कोणाला किती सोसेल हे तंदुरुस्तीवरून कळत नाही. उलट दमदार माणूस भराभर वर जातो, लक्षणं लपवतो आणि जास्त अडचणीत येतो.

लक्षणं मोजायची सोपी पद्धत आहे: लेक लुईस गुणांकन. डोकेदुखी, मळमळ-उलटी, थकवा आणि चक्कर या चार गोष्टींना प्रत्येकी ० ते ३ गुण द्यायचे. डोकेदुखी आहे आणि एकूण बेरीज ३ किंवा जास्त आहे, तर तो उंचीचा आजार समजायचा आणि त्या रात्री वर जायचं नाही. रोज संध्याकाळी जेवणाआधी सगळ्या गटाचे गुण लिहून ठेवले तर कोण घसरतोय ते दिसतं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर जवळ असावा, पण एका आकड्यावर विसंबू नये. ४,००० मीटरवर बऱ्याच ठणठणीत माणसांचंही रीडिंग ८० ते ९० च्या दरम्यान असतं आणि गारठलेल्या बोटावर यंत्र काहीही दाखवतं. बोटं काखेत पाच मिनिटं गरम करा, नेलपॉलिश काढा आणि बाकीच्यांच्या तुलनेत कोणाचा आकडा फार खाली आहे ते बघा.

दोन अवस्थांमध्ये मात्र सकाळची वाट पाहायची नाही. पहिली, बसल्या जागी धाप लागणं, कोरडा आणि मग ओला खोकला, छातीत घरघर, झोपल्यावर जास्त त्रास. हे फुफ्फुसांत पाणी होण्याचं लक्षण, आणि बहुधा नव्या उंचीवरच्या दुसऱ्या रात्रीनंतर दिसतं. दुसरी, तोल जाणं आणि वागण्यात बदल. जमिनीवर सरळ रेषा आखा आणि टाचेला पंजा लावत दहा पावलं चालायला सांगा. गटातल्या धडधाकट माणसाला जमतं आणि याला जमत नाही, तर मेंदूला सूज आहे असं धरून चालायचं. दोन्हींवर खरा उपाय एकच: खाली उतरणं, रात्र असली तरी, निदान ५०० ते १,००० मीटर. आता तो सुटकेच्या तासांचा रकाना पुन्हा बघा. ज्या मुक्कामावर तिथे "१४ तास, त्यात ६०० मीटर चढ" असं लिहिलेलं आहे, त्या मुक्कामावर पोचण्याआधीच माणूस पूर्ण बरा असायला हवा.

औषधांबद्दल थोडक्यात. उंचीच्या आजाराच्या प्रतिबंधासाठी असिटाझोलामाइड १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची गंभीर ॲलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि पहिली गोळी घरी असतानाच घेऊन बघायची, कारण बोटांना मुंग्या येणं आणि वारंवार लघवी लागणं हे अपेक्षित परिणाम आहेत, ते डोंगरात पहिल्यांदा अनुभवले तर घाबरायला होतं. मेंदूच्या सुजेसाठी डेक्सामेथासोन (आधी ८ मिलिग्रॅम, मग दर सहा तासांनी ४) आणि फुफ्फुसांसाठी दीर्घ परिणामाची निफेडिपिन (३० मिलिग्रॅम दर बारा तासांनी) ही औषधं उतरायला वेळ मिळवून देतात. उतरण्याला ती पर्याय नाहीत. कोणाला काय चालतं हे निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या.

प्राणवायूचं गणित तर जवळपास कोणी करत नाही. दुकानात मिळणाऱ्या फवाऱ्याच्या डब्यात १० लिटर असेल तर मिनिटाला २ लिटर या वेगाने तो ५ मिनिटांत संपतो. त्याचा काहीही उपयोग नाही. फुफ्फुसात पाणी झालेल्या माणसाला मिनिटाला २ ते ४ लिटर लागतात, म्हणजे ४ लिटरच्या वेगाने सहा तास उतरायचं तर १,४४० लिटर. आयोजक "ऑक्सिजन आहे" म्हणाला की पुढचा प्रश्न: किती लिटर, आणि रेग्युलेटर-मास्क जोडून शेवटचं कधी तपासलं?

उतार अंशांत मोजा

"शेवटची चढण खडी आहे" या वाक्यातून काही कळत नाही. खडी म्हणजे किती अंश? हे घरी बसून काढता येतं. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर. डोंगराळ भागात समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) बहुधा उंचीच्या ४० मीटरच्या अंतराने असतात. दोन रेषांमध्ये २ मिलिमीटर असतील तर उतार साधारण २२ अंश, १.४ मिलिमीटर असतील तर ३०, १ मिलिमीटर असेल तर ३९. मोबाइलवरच्या नकाशात रेषांचं अंतर वेगळं असू शकतं, तेव्हा आधी ते तपासा आणि मग उंचीला आडव्या अंतराने भागा. ०.५८ आलं तर ३० अंश, ०.८४ आलं तर ४०. एक इशारा द्यायला हवा: ४० मीटरच्या रेषांमध्ये २५ मीटरचा उभा कडा सहज लपतो. नकाशा सरासरी सांगतो, म्हणून त्याच महिन्यातले फोटो शोधून पडताळा घ्या.

या अंशांचा अर्थ काय? २५ अंशांपर्यंतचा बर्फ चांगले बूट, मायक्रोस्पाइक (बुटांवर चढवायचे छोटे खिळे) आणि काठी यांवर बहुतेकांना जमतो. ३० च्या पुढे घसरलेला माणूस स्वतःहून थांबत नाही, वेग वाढत जातो. तिथे आइस ॲक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) हातात हवी आणि ती वापरून स्वतःला थांबवण्याचा सराव आधी, खाली मोकळा सपाट शेवट असलेल्या छोट्या उतारावर, उताणं-पालथं-डोकं खाली अशा सगळ्या अवस्थांत केलेला हवा. पस्तीसच्या पुढे कडक बर्फ असेल तर क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे धारदार दात) आणि बांधलेला दोर. नेमक्या ३० ते ४५ अंशांच्या उतारांवरच बहुतेक हिमप्रपात सुटतात हेही लक्षात ठेवायचं. ताजा बर्फ फूटभर पडला असेल तर अशा नाळेत निदान एक, शक्यतो दोन दिवस पाऊल टाकू नये. वाऱ्याने एका बाजूला बर्फ साठवला असेल तर फूटभराचीही गरज नसते.

उताराइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे खाली काय आहे. ३५ अंशांचा उतार खाली मऊ, पसरट बर्फात संपत असेल तर घसरणारा घाबरेल, खरचटेल. तोच उतार धोंड्यांत, हिमभेगेत किंवा कड्यावर संपत असेल तर तीच घसरण जीवघेणी. सह्याद्रीतले लोक दृष्टिभय (खालची खोली दिसून वाटणारी भीती) म्हणतात ते मनात असतं. इथे प्रश्न शेवटी काय आहे याचा आहे, आणि तो दृष्टिभय नसलेल्यालाही लागू आहे.

आणि एकच नाळ महिन्यागणिक बदलते. मे-जूनमध्ये बर्फाने भरलेली नाळ पहाटे पायऱ्या खणून नीट चढता येते. सप्टेंबरात तीच नाळ सुटे दगड आणि मुरूम यांचा घसारा होते. तेव्हा दोर नाही, हेल्मेट जास्त कामाचं. एकामागोमाग एक, अंतर ठेवून, दगड सुटला की ओरडून, आणि ऊन नाळेत शिरायच्या आत बाहेर. ऊन लागलं की रात्री गोठून धरलेले दगड मोकळे होतात.

हिमनदी असलेल्या खिंडींबद्दल माझं मत स्पष्ट आहे. हिमभेगा बर्फाखाली झाकलेल्या असतील तर दोरावर बांधून चाललंच पाहिजे आणि भेगेत पडलेल्याला वर ओढायचं तंत्र गटातल्या निदान दोघांना यायला हवं. कालिंदी खालसारख्या साडेपाच हजारांच्या बऱ्याच वरच्या हिमनदीच्या वाटांना मी ट्रेक म्हणत नाही, त्या मोहिमा आहेत. मूलभूत गिर्यारोहणाचा कोर्स न केलेल्यांनी त्यात जाऊ नये, सोबत कितीही चांगला गाइड असला तरी. दोराच्या दुसऱ्या टोकाला तुम्हीच असणार आहात.

ओढे

बर्फाची भीती सगळ्यांना वाटते, पाण्याची कोणाला वाटत नाही. हिमनदीतून येणारा ओढा पहाटे सगळ्यात कमी असतो, दुपारनंतर फुगतो आणि संध्याकाळी सर्वांत जास्त असतो. सकाळी सहाला पोटऱ्यांपर्यंत असलेलं पाणी चारला मांड्यांपर्यंत येऊ शकतं. म्हणून नियोजन असं हवं की मोठा ओढा दिवसाच्या सुरुवातीला येईल, म्हणजे आदला मुक्काम त्याच्या अलीकडच्या काठावर. वेगवान पाणी गुडघ्याच्या वर गेलं की एकट्याने उतरू नये. मांडीच्या वर गेलं तर थांबावं. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून, तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला, काठ्या पुढे टेकवून, एका वेळी एकच पाय हलवत आडवं सरकायचं. अनवाणी कधीही नाही. थंडीने तळवे बधिर होतात आणि दगडांची धार कळत नाही. तळातून धोंडे गडगडल्याचा आवाज येत असेल तर ओढा ओलांडण्यासारखा नाही. जिथे प्रवाह फाटून दोन-तीन धारा झाल्या आहेत अशी रुंद जागा शोधा. अरुंद जागा सोपी दिसते, पण तिथेच पाणी खोल असतं.

महिना आणि हवामान

मोठे अपघात बहुतेक वेळा हवामानाने सुरू होतात आणि थांबायला दिवस शिल्लक नसल्यामुळे वाढतात. १४ ऑक्टोबर २०१४ रोजी हुदहुद चक्रीवादळाचे अवशेष नेपाळवर पोचले आणि ५,४१६ मीटरच्या थोरोंग ला परिसरात बर्फाचं वादळ झालं. त्या भागात ४० हून अधिक जण मेले. एरवी ती खिंड चहाची दुकानं असलेली, रुळलेली वाट आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये उत्तराखंडात अतिवृष्टीचा इशारा होता. त्याच दिवसांत हर्सिलहून छितकुलकडे लमखागा खिंडीतून निघालेला एक गट हिमवादळात सापडला आणि त्यातले अनेक जण परतले नाहीत. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या सहस्रताल परिसरात २२ जणांच्या गटातले ९ जण खराब हवामानात दगावले. तो तर खिंडीचा ट्रेकही नव्हता, आणि महिना जून.

तीनही घटना वेगवेगळ्या वर्षांतल्या, वेगवेगळ्या उंचीच्या. थंडी, ओल आणि वारा एकत्र आले की साडेचार हजार मीटरही पुरेसे असतात. उणे १० अंशांत ताशी ४० किलोमीटर वारा असेल तर उघड्या त्वचेला ते उणे २१ सारखं लागतं. कपडे ओले असतील तर त्याहून वाईट. अडखळणं, पुटपुटणं, हातातून वस्तू पडणं ही शरीर गारठल्याची सुरुवातीची चिन्हं. तेव्हाच तंबू लावायचा, ओलं काढायचं, कोरडं घालायचं, गोड गरम प्यायला द्यायचं. चालत राहिलं की गरम होईल, हा समज अनेकांना भोवतो.

अंदाज बघताना पायथ्याच्या गावाचा बघू नका, खिंडीच्या उंचीचा बघा. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी तापमान उतरतं. गावात पाऊस म्हणजे वर बर्फ. चार-पाच दिवसांपुढचा अंदाज फक्त कल सांगतो. मे-जूनमध्ये बर्फ जास्त पण दिवस मोठा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आकाश स्वच्छ, पण बर्फाचं पांघरूण गेल्याने कडक बर्फ आणि भेगा उघड्या, दिवस लहान, आणि एक पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची प्रणाली) आला तर एका रात्रीत हिवाळा. पावसाळ्यात लाहौल-स्पिती-लडाख हा पर्जन्यछायेचा प्रदेश कोरडा असतो खरा, पण त्यात शिरायची वाट कुलूच्या किंवा किन्नौरच्या ओल्या बाजूने असेल तर दरडी आणि फुगलेले ओढे आधी भेटतात.

म्हणून राखीव दिवस. आठ दिवसांच्या ट्रेकला निदान एक, दहाच्या पुढे दोन. आणि परतीचं तिकीट त्या राखीव दिवसांनंतरचं. खिंडीखाली तंबूत बसून "उद्या गाडी सुटेल" हा विचार मनात आला की खराब हवामानही बरं दिसायला लागतं. माझ्या मते पास ट्रेकची जोखीम सगळ्यात स्वस्तात कमी करायचा हाच मार्ग आहे आणि नेमका तोच पत्रकात कापलेला असतो.

खिंडीच्या दिवसाचं वेळापत्रक

नेस्मिथचा जुना नियम घ्या: ताशी ५ किलोमीटर, वर दर १०० मीटर चढाला १० मिनिटं. साडेचार हजारांच्या आसपास येणारं उत्तर दुपटीने वाढवा. रुपिनला धबधब्याच्या माथ्यावरून खिंडीपर्यंत ६५० मीटर चढ आणि समजा ५ किलोमीटर अंतर. एक तास अधिक पासष्ट मिनिटं, त्याच्या दुप्पट म्हणजे सव्वाचार तासांच्या आत-बाहेर. पंधरा जणांचा गट असेल तर नाळेत पायऱ्या खणणं आणि रांग यांचा एक तास धरा. पहाटे चारला निघालं तर साधारण सव्वानऊला माथा. सहाला निघालं तर सव्वाअकरा, तोवर बर्फ मऊ होऊन पाय मांडीपर्यंत रुतायला लागलेले असतात, आणि दुपारचे ढग माथ्यावर आलेले.

परत फिरायची वेळ आदल्या रात्री ठरवा आणि सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा. "आठ वाजेपर्यंत नाळेच्या तोंडाशी नसलो तर परत." माथा दिसायला लागल्यावर घेतलेला निर्णय विश्वासाचा नसतो. पलीकडचा उतारही याच हिशोबात धरा. माथ्यापासून मुक्कामापर्यंतचे तास मोजून अंधाराआधी तीन तास हातात उरले पाहिजेत. माथ्यावर बर्फाची छत्री पुढे झुकलेली असते, तिच्या काठावर फोटोसाठी जाऊ नये. खाली जमीन नसते.

सोबत कोण आहे

आयोजकाला विचारायचे प्रश्न थेट असावेत. गटात किती जण, त्यांच्यामागे किती गाइड, सगळ्यात मागे कोण चालणार? एका आजाऱ्याला घेऊन एक गाइड उतरला तर उरलेल्यांना कोण नेणार? एकच गाइड असेल तर सगळा गट एकत्रच परत फिरला पाहिजे, आणि तसं कोणी करत नाही. गाइड याच वर्षी, याच मोसमात ही खिंड ओलांडून आलाय का? दोर किती मीटर? परत फिरायचा अंतिम शब्द कोणाचा? पैसे भरलेल्या लोकांच्या आग्रहापुढे गाइड झुकेल असं वाटलं तर तो गट सोडा.

पोर्टरकडे बघा. त्यांच्या पायात काय आहे, डोळ्यांवर काय आहे? बर्फ सूर्यप्रकाशातले अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परावर्तित करतो. गडद चश्म्याविना एका दिवसात डोळे इतके दुखतात की उघडता येत नाहीत. आपल्याकडे क्रॅम्पॉन आणि त्यांच्याकडे रबरी बूट, असा गट त्या नाळेत जाऊ नये. हे न्यायाचं आहेच, पण सरळ सुरक्षिततेचंही आहे: तुम्ही पडलात तर तुम्हाला उचलून आणणारे हेच आहेत.

संपर्काबाबत भारतात एक अडचण आहे. सॅटेलाइट फोन सरकारी परवानगीशिवाय बाळगणं बेकायदेशीर आहे आणि परदेशात सर्रास वापरली जाणारी उपग्रह संदेश-यंत्रंही त्याच कचाट्यात येतात. त्यामुळे बहुतेक खिंडींमध्ये बातमी पायी जाते. सर्वांत जवळचा मोबाइल सिग्नल, आयटीबीपीची (भारत-तिबेट सीमा पोलिसांची) चौकी किंवा वायरलेस कुठे आहे, आणि तिथपर्यंत धावणारा माणूस किती तासांत पोचेल, हा आकडा सुटकेच्या रकान्याशेजारी लिहा. हेलिकॉप्टर दिवसा, स्वच्छ हवेत आणि उतरायला जागा असेल तरच येतं. त्यावर नियोजन उभं करू नये. विम्यात उंचीची मर्यादा असते. तुमच्या खिंडीचा आकडा तिच्या आत आहे का आणि दोर-ॲक्सचा वापर वगळलेला आहे का, ते बारीक अक्षरात वाचा.

आता कागद पुन्हा बघा

एक एक धोका सुटा असतो तेव्हा बहुतेकदा निभावतो. सगळ्यात लांब दिवस, सगळ्यात उंच झोप, चढती सुटका, मोठा ओढा, तीसच्या वरचा बर्फ यांतले दोन एकाच दिवशी आले तर त्या दिवशी आधीचा मुक्काम वाढवून किंवा दिवस तोडून ते वेगळे करता येतात का बघा. तीन आले आणि वेगळे होत नसतील, तर त्या वर्षी ती खिंड सोडून दुसरी निवडावी.

तंदुरुस्तीचा निकष साधा ठेवलाय: १० किलोची सॅक घेऊन ८०० मीटर चढ-उतार एका दिवसात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तितकाच, गुडघा न दुखता. निघण्याआधी दोन महिने हे जमू लागलं पाहिजे. नुसतं धावण्याने उताराची तयारी होत नाही. खिंडीनंतरचे हजार-दीड हजार मीटर उतरताना मांड्या थरथरतात आणि पाय मुरगळतात ते तिथेच.

हाच कागद घरी एका माणसाकडे ठेवायचा. त्यावर रोजचा मुक्काम, गटातल्या सगळ्यांची नावं आणि रक्तगट, आयोजक आणि पायथ्याच्या गावातल्या माणसाचा नंबर, राखीव दिवस धरून परतायची शेवटची तारीख. त्या तारखेच्या रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर आधी आयोजक, मग जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७ (बाहेरून करताना त्या जिल्ह्याचा एसटीडी कोड लावून), मग राज्याचा १०७०. गट कुठल्या दोन मुक्कामांच्या मध्ये असायला हवा ते त्या माणसाला फोनवर वाचून दाखवता यावं, इतक्या ठळक अक्षरात लिहा.